वाचकांचे प्रश्न : घर सोडून आलेल्या बाईला आधी काय शिकवायचं?

मागच्या अंकात आपण प्रौढ साक्षरतेवर थोडं लिहिलं होतं, की मारहाणीचं घर सोडून निघालेल्या बायकांसाठी वेगळा विचार करून वर्ग चालवायला हवेत. त्यावर बरीच पत्रं आली. सगळी छापता येत नाहीत, पाच निवडली आहेत, नावं-गावं मुद्दाम काढून टाकलीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका आहे. आमच्या इथल्या महिला आधारगृहात संध्याकाळी शिकवायला जाते. बायका तिशी-चाळिशीतल्या, काही तर पाटीला कधी हातच न लावलेल्या. मी पहिलीचं पुस्तक घेऊन सुरुवात केली. कुणी दोन दिवस येतं आणि मग दिसतच नाही. एकीला आठवडा झाला तरी 'क' आठवत नाही, आणि तीच बाई किती डाळ तांदूळ आणला याचा सगळा हिशोब तोंडी सांगते. एकीला फळ्यावर बोलावलं तर थरथरायलाच लागली. लहान मुलांना शिकवताना असं कधी झालं नाही, मी काय वेगळं करू?

बाई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण 'बायकांनाच शिकायचं नाहीये' असा निष्कर्ष काढून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत, बरेच जण होतात.

आधी त्या 'क' न आठवणाऱ्या बाईबद्दल. जी बाई वर्षानुवर्षं दाराची कडी वाजली की आज कुठल्या मूडमध्ये आलाय हे पावलांवरून ओळखत होती, तिचं लक्ष आजही दाराकडेच असतं. ती मठ्ठ नाहीये. तिचं डोकं पूर्ण वेळ दुसऱ्याच कामाला लागलेलं आहे, त्यात रात्रीची झोप नाही, मुलांची काळजी, उद्या काय हा प्रश्न. अशा डोक्यात आज घातलेलं अक्षर उद्या सापडत नाही, परवा अचानक सापडतं. हे धरूनच चालायचं आणि 'काल तर येत होतं ना' हे वाक्य वर्गातून कायमचं काढून टाकायचं. हे वाक्य तिने घरी फार ऐकलेलं असतं.

बसायची जागा तिला निवडू द्या, बहुतेक जणी भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून बसतात, तसंच बसू द्या. मागून जाऊन खांद्यावरून वहीत डोकावू नका. हात धरून गिरवून घ्यायची आपल्याला सवय असते, पण इथे आधी विचारायचं, 'हात धरू का?' ती नाही म्हणाली तर नाही. फळ्यावर बोलावणं बंदच करा, सगळ्यांसमोर चुकण्याची शिक्षा काय असते ते तिच्या अंगाला माहीत आहे. लाल पेन नको. वर्ग चालू असताना न विचारता उठून बाहेर जाता यायला हवं, आणि परत आली की कुठे गेली होतीस असं विचारायचं नाही.

आता गायब होणं. कुणाची कोर्टाची तारीख असते, कुणाला पोलीस स्टेशनला बोलावलेलं असतं, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असतं, आणि काही जणी परत नवऱ्याकडे जातात, हेही होतं आणि त्यावर आपण नाक मुरडायचं नाही. म्हणून पाठ एकाला एक जोडून लावू नका, म्हणजे कालचा बुडला तर आजचा कळणार नाही असं व्हायला नको. प्रत्येक दिवशी एक काहीतरी पूर्ण हातात पडलं पाहिजे. एका दिवसात फक्त स्वतःचं नाव. दुसऱ्या दिवशी फक्त मुलांची नावं. एखाद्या दिवशी फक्त ११२ (पोलीस, तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाईन) हे आकडे ओळखणं आणि मोबाईलवर दाबून बघणं (कॉल न लावता!). जी बाई एकच दिवस आली ती तेवढं तरी घेऊन जाते.

पहिलीच्या पुस्तकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते बाजूला ठेवा. त्यात वाईट काही नाही, पण ते सहा वर्षांच्या मुलासाठी आहे आणि त्यातलं हसतं-खेळतं घर आणि कामावरून खाऊ घेऊन येणारे बाबा हे चित्र या बायकांसमोर रोज उघडायचं काही कारण नाही. त्याऐवजी तिची पिशवी उघडा, म्हणजे तीच उघडेल. घर सोडताना बाई जे काही घेऊन निघते त्यात कागद असतात, आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, दवाखान्याचे केसपेपर, कोर्टाची नोटीस. हे सगळं तिच्याच आयुष्याबद्दल लिहिलेलं आहे आणि तेच तिला वाचता येत नाही. माझ्या मते पहिला धडा तो. आधार कार्डावर तुमचं नाव कुठे आहे, जन्मतारीख कुठे, पत्ता कुठे. पासबुकात जमा कुठला रकाना आणि नावे कुठला. नोटिशीवर पुढची तारीख कुठे लिहिलीय. एकेका कागदातून अक्षरं काढायची, आणि सोबत आपली जुनी 'गमभन'ची पद्धत आहेच, एकासारख्या एक वळणाची अक्षरं आधी घ्यायची, ती मोठ्या माणसांनाही पटकन बसते. बाराखडी पाठ करून घेण्यात महिने घालवू नका, काना आणि वेलांटी आली की तिचं अर्धं काम होतं.

अंक दोन्ही लिपीतले शिकवा. एसटीच्या पाटीवर मराठी आकडे असतात, मोबाईल आणि एटीएमवर इंग्रजी. तोंडी हिशोब येणाऱ्या बाईला आकडे फार लवकर येतात, तिथून सुरुवात केली तर 'मला येतं' हे तिला पहिल्याच आठवड्यात कळतं.

आणखी एक पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते. तिने एक वाक्य बोलायचं, तुम्ही ते तिच्याच बोलीत लिहायचं, शुद्ध करायला जायचं नाही, आणि मग तिने ते वाचायचं. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे तिला माहीत असतं आणि वाचन जमतं. 'म्या आज भाकरी केल्या' असेल तर तसंच लिहा. पण तिला मारहाणीची गोष्ट सांगायला लावू नका. तिने ती पोलिसांना, डॉक्टरला, वकिलाला सांगितलेलीच असते. आपणहून सांगितली तर ऐका, लिहून हवी म्हणाली तर लिहून द्या, आणि तो कागद ठेवायचा की फाडायचा ते तिलाच ठरवू द्या.

फोटोबद्दल फार महत्त्वाचं. साक्षरता वर्गाचे फोटो ग्रुपवर टाकायची पद्धत पडलीय, इथे एकही फोटो नको, पाठमोरासुद्धा नको. आपली ओळख कळू नये असं बाईने सांगितलं असेल तर आधारगृहाने ती उघड करायची नाही हे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतच आहे. एका फोटोतल्या खिडकीवरून नवरा दारात येऊन उभा राहू शकतो.

प्रश्न : माझी बहीण दोन मुलांना घेऊन माहेरी आली आहे. शाळेत गेलेली नाही, अंगठा लावते. तिच्या सासरच्या लोकांनी पंचांना बसवून स्टँप पेपरवर तिचा अंगठा घेतला, आता म्हणतात फारकत झाली, तुला काही मिळणार नाही. त्यात काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. आता इथल्या एका वकिलाने कोऱ्या कागदांवर अंगठे मागितलेत. काय करावं? तिला आता शिकवून काही उपयोग आहे का?

दादा, आधी कोऱ्या कागदाचं. द्यायचा नाही. वकील कितीही ओळखीचा असू दे, कितीही घाईत असू दे. अंगठा म्हणजे कायद्याने सहीच असते, 'मला वाचता येत नव्हतं' हे नंतर सिद्ध करत बसायला फार त्रास होतो.

फारकतीचं म्हणाल तर, लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर स्टँप पेपरवर लिहून घटस्फोट होत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. काही समाजांत रूढीने काडीमोड मानतात, पण ती रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, पंच बसले म्हणून आपोआप होत नाही. तेव्हा 'तुला काही मिळणार नाही' यावर विश्वास ठेवून गप्प बसू नका. त्या कागदाची कॉपी मिळाली तर मिळवा आणि ती वकिलाला दाखवा.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून कोऱ्या कागदाचा धोका पत्करायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली अर्ज ती आत्ता राहते तिथल्या, म्हणजे माहेरच्या गावच्या कोर्टात करू शकते, सासरच्या गावाला चकरा मारायला नकोत. त्यात संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा सगळं एका अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबतं, म्हणून अंतरिम आदेश, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता हुकूम, मागायला सांगा.

अजून एक गोष्ट जी लोकांना माहीतच नसते. याच कायद्याच्या नियमांत लिहिलंय की बाईला वाचता येत नसेल तर संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज तिला वाचून दाखवायचा आणि समजावून सांगायचा. पोलिसांत तोंडी तक्रार दिली तर तीही लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यावी लागते. हे कुणाचे उपकार नाहीत. बहिणीला एवढंच पाठ करून जाऊ द्या : 'आधी वाचून दाखवा, मग अंगठा देते.' ही एक ओळ बोलायला तिला एकही अक्षर यावं लागत नाही.

आणि शिकवून उपयोग आहे का हे तुम्ही विचारलंत. आहे, पण केस थांबवून नाही. बऱ्याच घरांत मी बघितलंय, 'आधी चार अक्षरं शिक, मग बघू कोर्टाचं' असं म्हणून वर्ष जातं. दोन्ही एकदम चालू द्या. केसची फाईल मात्र तिच्याच हातात राहू दे, तुमच्या कपाटात नको, भाऊ कितीही प्रेमाचा असला तरी. प्रत्येक कागदावर तिला कळेल अशी खूण करून द्या, तारखेच्या चिठ्ठीला लाल ठिपका, दवाखान्याच्या कागदाला हिरवा. हळूहळू ठिपक्यांऐवजी तीच शब्द लिहील.

प्रश्न : मी हे मुलीकडून लिहून घेतेय, ती नववीला आहे. मी आता वेगळी राहते, चार घरची कामं करते. बँकेत माझा अंगठा आहे. मला सही करायला शिकायचंय. शिकले तर बँक अंगठा काढून सही घेते का? वय ३८.

हो ताई, घेते. आधार कार्ड, पासबुक आणि फोटो घेऊन तुमच्या शाखेत जायचं आणि अंगठ्याऐवजी सही नोंदवायचीय असं सांगायचं, ते अर्ज देतात आणि नमुना सह्या घेतात. पण घाई करू नका. सही म्हणजे वळणावळणाची नक्षी नको, सरळ स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं, आणि दहा वेळा लिहिलं तरी एकसारखं आलं की मगच बँकेत जा. सही जुळली नाही तर ते पैसे देत नाहीत आणि उगाच तुमचाच धीर जातो. तोपर्यंत अंगठा आहे तसा राहू दे, त्यात कमीपणा काही नाही.

बँकेत गेलात की अजून दोन गोष्टी विचारा. खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय, आणि नॉमिनी म्हणून नाव कुणाचं आहे. कितीतरी बायका घर सोडून येतात आणि ओटीपी मात्र अजून नवऱ्याच्या मोबाईलवर जात असतो, म्हणजे तुमचे पैसे किती आले किती काढले सगळं त्याला कळतं. आधारला त्याचा नंबर असेल तर आधार केंद्रात स्वतः जाऊन बोटाचे ठसे देऊन बदलता येतो, जुना नंबर जवळ असायची गरज नाही.

आणि लेकीबद्दल थोडं बोलू? ती तुमचं पत्र लिहितेय याचं कौतुक आहे, तिने तुम्हाला अक्षरं शिकवली तरी छान, दोघींना आवडेल. पण कोर्टाचे कागद, पोलिसांचा जबाब, त्यात काय काय मारलं ते लिहिलेलं असतं, ते तिच्याकडून वाचून घेऊ नका. ती चौदा-पंधरा वर्षांची आहे, तिने ते घरात बघितलेलं असेल, परत वाचायला नको. त्यासाठी विधी सेवेचे वकील आहेत, पोलिसांसोबत काम करणारे महिला व बालकांसाठीचे विशेष साहाय्य कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलीस आयुक्त कार्यालयात पहिला सुरू केला, आता महाराष्ट्रात ते बऱ्याच ठिकाणी आहेत आणि तिथल्या ताई शांतपणे बसून वाचून दाखवतात.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात यावरून वाद झाला. काहींचं म्हणणं, अशा बाईला शिलाई मशीन द्या, काम द्या, पोट भरलं की बाकी सगळं होतं. चाळिशीत अक्षरं गिरवायला लावून काय मिळणार? आणि परीक्षा, सर्टिफिकेट वगैरे खरंच काही असतं का?

मशीन द्याच, पैसे हातात आल्याशिवाय कुणी परत न जाण्याचा निर्णय टिकवू शकत नाही. पण शिलाईच्या कामात किती नग दिले आणि किती लिहिले हे जिला वाचता येत नाही तिचे पैसे कापले जातात, हे तुम्हाला तुमच्याच गावात विचारलं तरी कळेल. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. आपल्याकडे हे दोन्ही एकत्रच चालत आलंय. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी, पुढे त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका शेती, विणकाम शिकत होत्या आणि छापखान्यात खिळेही जुळवत होत्या. घराने टाकलेल्या बायका छापखाना चालवत होत्या, शंभर वर्षांपूर्वी! आज आपण चाळिशीतल्या बाईला नाव शिकवावं की नाही यावर वाद घालतोय याचं मला वाईट वाटतं.

आणि मोठ्या बायका एकत्र बसून वाचायला लागल्या की त्या फक्त वाचत नाहीत. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचं गाव आहे, तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता वर्गात दारूवरचा धडा होता, बायकांनी तो वाचला, चर्चा केली आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. ते लोण एवढं पसरलं की १९९३ मध्ये सरकारला अरकवर, म्हणजे तिकडच्या देशी दारूवर, बंदी घालावी लागली. दारू आणि मारहाण यांचा संबंध त्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती, एकत्र बसायला जागा मात्र त्या वर्गाने दिली.

सर्टिफिकेटचं थोडक्यात : केंद्राचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे, १५ वर्षांच्या पुढच्या कुणालाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत विचारा, नोंदणी तिथे होते, शिकवणारे स्वयंसेवक असतात, तुमच्या मंडळातल्या कुणीही होऊ शकतं. शेवटी १५० मार्कांची चाचणी, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आपल्या भाषेत देता येते आणि पास झालं की प्रमाणपत्र. त्यापुढे शिकायचं असेल तर राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी, मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. ज्या बाईचा पत्ता नवऱ्यापासून लपवायचा आहे तिची नोंदणी करताना पत्ता, मोबाईल आणि फोटो कुठे कुठे जातो हे आधी विचारून घ्या, आणि तिने नको म्हटलं तर नोंदणीशिवायच शिकवा.

प्रश्न : शेजारच्या वहिनी माझ्याकडे दुपारी लिहायला शिकत होत्या. नवऱ्याला वही सापडली, त्याने ती फाडली आणि त्यांना मारलं. त्या घर सोडायला तयार नाहीत, पण शिकायचं म्हणतात. मी शिकवू की नको? मला फार अपराधी वाटतंय.

मारलं त्याने, वहीने नाही आणि तुम्ही तर नाहीच. हे आधी स्वतःला सांगा, मग वहिनींनाही सांगा, कारण 'मीच कशाला गेले शिकायला' असं त्या नक्की म्हणत असणार. अशा त्या एकट्या नाहीत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एका बाईने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय.

शिकवायचं की नाही हे वहिनी ठरवतील, त्या माणसाला त्यांच्याइतकं कुणी ओळखत नाही. शिकायचं म्हणाल्या तर वही त्यांच्या घरी जाणार नाही, पेनही नाही, बोटाला शाईसुद्धा नको. तुमच्याकडेच पाटी ठेवा, लिहायचं आणि पुसायचं. वेळ ठरावीक नको. बचत गट किंवा भाजी निवडायला एकत्र बसणं असं काही आधीच चालू असेल तर त्यातच करा, वेगळं उठून दिसायला नको. मोबाईलमध्ये शिकायचं ॲप नको, तुमचे 'आज काय शिकलो' असे मेसेज नकोत, तो फोन बघत असणार असंच धरा.

आणि या काळात शिकवायचं काय, तर सगळ्यात आधी आकडे. तुमचा नंबर आणि माहेरचा एक नंबर तोंडपाठ आणि लिहिता येईल असा, कारण फोन त्याने काढून घेतला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता यायला हवा. मग ११२, तो जीवावर उठला तर. १८१ महिला हेल्पलाईन. तिथून सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन एका ठिकाणी असतं आणि तात्पुरतं साधारण पाच दिवस राहता येतं, घर कायमचं सोडायचं ठरलेलं नसलं तरी जाता येतं. मग माहेरच्या गावाचं नाव, एसटीच्या पाटीवर ओळखता येईल असं. त्यांचे आणि मुलांचे महत्त्वाचे कागद कुठे आहेत ते विचारा, झेरॉक्स काढून तुमच्याकडे ठेवता आल्या तर ठेवा, पण मूळ कागद जागेवरून हलवले तर त्याला लगेच कळेल, तेव्हा ते त्यांना विचारूनच.

जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास खात्याकडे विचारा. त्यांच्याकडे बाईसोबत बसून सुरक्षेचा आराखडा करायचा ठरलेला फॉर्म आहे. वहिनींना आत्ता तिकडे जायचं नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन, त्यांचं नाव न घेता, माहिती विचारून या. जाताना आणि येताना काय सांगायचं ते मात्र आधी दोघींनी ठरवून घ्या.